पुठ्ठा आधी, पडदा नंतर

नवं पुस्तक बांधणीहून आलं की आमचे मालक आधी ते उघडायचे नाहीत. तळव्यावर तोलायचे, मग कानाजवळ नेऊन बोटाच्या पेरानं पुठ्ठ्यावर टकटक करायचे. बाजारात माठ घेणारी बाई करते तसं. आवाज बद्द आला की चेहरा पडायचा. "आत हवा राहिलीये बाई. पावसाळ्यात फुगणार हे." आवाज खणखणीत आला तरी चेहरा पडायचाच. मग त्यांना वाटायचं, बांधणी फार कडक झालीये, उघडताना वाचणाऱ्याच्या हातून पाठ मोडणार. काळजीला त्यांच्याकडे दोन्ही बाजूंनी दरवाजे होते.

मेहेर सिग्नलजवळच्या गल्लीत, औषधांच्या दुकानावर आमचं प्रकाशनाचं ऑफिस होतं. मी तिथं संपादनाचं काम करायचे. म्हणजे मुद्रितं तपासणं, लेखकांचे रुसवे काढणं आणि मालकांना धीर देणं. हे शेवटचं काम पगारात धरलेलं नव्हतं. मी त्यांच्या मुलीपेक्षाही लहान, तरी मला ते 'बाई' म्हणायचे. आम्ही त्यांना 'मालक' म्हटलेलं त्यांना आवडायचं नाही. "मालक कसला? राखणदार आहे मी," म्हणायचे.

राखण ते खरोखर करायचे. ऑफिसात दोन कॉम्प्युटर होते. एकाला इंटरनेट होतं, त्यावर बिलं आणि पत्रव्यवहार. दुसऱ्याला इंटरनेट नव्हतं, आणि सगळी पुस्तकं त्याच्या पोटात. पुस्तकाची फाईल छापखान्यात न्यायची झाली की मालक स्वतः न्यायचे. पेन ड्राइव्ह शर्टाच्या आतल्या खिशात, खिशाला वरून सेफ्टी पिन, आणि सातपूरच्या छापखान्यापर्यंत उजवा हात छातीवर. एकदा रिक्षावाल्यानं आरशात बघून घाबऱ्याघाबऱ्या विचारलं होतं, "काका, रिक्षा सिव्हिलला वळवू का?"

या धास्तीला कारण होतं. मी कामाला लागले त्याच वर्षी आम्ही एक कादंबरी काढली होती. तेव्हा सगळेच सांगत होते, की आता ई-बुक आणि छापील पुस्तक एकाच दिवशी आणायचं आणि ई-बुक निम्म्या किमतीत द्यायचं. जग तसंच चाललंय. मालकांनी मन घट्ट केलं आणि तसं केलं. त्याच आठवड्यात सकाळी जॉगिंग ट्रॅकवर त्यांच्या फिरण्यातल्या एका सोबत्यानं त्यांना थांबवून पाठीवर थाप मारली. "काय कादंबरी आहे हो! आमच्या ग्रुपवर आली. रात्रीत संपवली." मालक नुसते बघत राहिले. त्या गृहस्थांना वाटलं, यांना अजून मिळालेली नाही. "थांबा, तुम्हालाही पाठवतो," म्हणाले, आणि मालकांनी स्वतः छापलेलं पुस्तक तिथल्या तिथं मालकांच्याच फोनवर पाठवून दिलं.

छापील प्रतींचे गठ्ठे नंतर आमच्या जिन्यात होते. आम्ही सगळे कितीतरी महिने जिना तिरका होऊन चढत होतो.

तेव्हापासून त्यांचा नियम ठरला. पुठ्ठा आधी, पडदा नंतर. जाड पुठ्ठ्याच्या बांधणीचं पुस्तक आधी येणार, वर्षभर दुकानांत राहणार आणि मगच ई-बुक निघणार. तेही छापील पुस्तकाच्याच किमतीला. एक रुपया कमी नाही.

या किमतीवरून वाचकांचे फोन यायचे. बाकी फोनांना घाबरणारे मालक हे फोन मात्र स्वतः घ्यायचे.

"अहो, कागद नाही, शाई नाही, बांधणी नाही, तरी तेवढेच पैसे?" पलीकडचा माणूस इतक्या मोठ्यानं बोलत असायचा की मला माझ्या टेबलापाशी ऐकू यायचं.

"तुम्ही डॉक्टरकडे जाता," मालक शांतपणे म्हणायचे. "तो कागदावर औषध लिहून देतो. तुम्ही पैसे कागदाचे देता का?"

"मग पुठ्ठा तरी कशाला घालता?"

"तुम्ही सदरा कशाला घालता?"

असं अर्धा-अर्धा तास चालायचं. फोन ठेवला की कपाळ पुसायचे आणि मला विचारायचे, "बाई, जास्त बोललो का? चिडला असेल का तो? आता आपलं काहीच घेणार नाही." मग त्याच माणसाला परत फोन लावायचा आणि त्याची माफी मागायची. किमतीबद्दल नाही, सूर चढल्याबद्दल.

त्यांच्या बायकोला आम्ही वहिनी म्हणायचो. त्या एकदा मला म्हणाल्या होत्या, "लग्नाआधी मला सांगितलं, मुलगा पुस्तकं काढतो. पुस्तकं आधी ह्यांचं रक्त काढतात, हे कुणी सांगितलं नाही."

मालकांचा आणखी एक रिवाज मला सांगितला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यातून घडलं. पुस्तक छापायला जाण्याआधीचं शेवटचं वाचन ते एकटे करायचे. माझं झालं, लेखकाचं झालं, की ते आतल्या खोलीत जाऊन कडी लावायचे. शुद्धलेखनात ते फार कडक. एकाच पुस्तकात एकच शब्द दोन तऱ्हांनी आलेला त्यांना खपायचा नाही. त्या वाचनात ते स्वतः फाईलमध्ये दुरुस्त्या करायचे आणि बाहेर आले की जुनी मुद्रितं रद्दीत द्यायचे. "जुनी मुद्रितं म्हणजे जुनी भांडणं, बाई. घरात ठेवू नयेत."

हरसूलच्या गुरुजींचं हस्तलिखित आमच्याकडे आलं, ते टपालानं नव्हे. एक एसटीचा कंडक्टर ते घेऊन वर आला आणि म्हणाला, "आमच्या गुरुजींनी दिलंय. मी त्यांच्याच हाताखाली शिकलो." हरसूलच्या बाजूच्या पाड्यांवरच्या शाळांमध्ये उभा जन्म शिकवलेल्या माणसानं आपल्या वर्गातल्या मुलांबद्दल लिहिलं होतं. प्रत्येक प्रकरणात एखाद-दुसरं मूल. सरळ, छोटी वाक्यं. मी बसले आणि दुपारचा डबा खायचा विसरले. मालकांनी वाचलं आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात आले ते डोळे सुजवून. "हे चाललं पाहिजे, बाई," एवढंच म्हणाले, आणि लगेच काळजीत पडले. "पण नाही चाललं तर?"

अक्षर मात्र फार कष्टानं लागत होतं. वेलांट्या, उकार जागा सोडून गेलेले, ओळी एकमेकींत शिरलेल्या. का, ते नंतर कळलं. गुरुजींना काचबिंदू होता आणि नजर कडेकडून विझत आली होती. मुद्रितं त्यांच्या सुनेनं त्यांना वाचून दाखवली. सगळं पार पडलं, मालकांचं शेवटचं वाचनही झालं. आता छापायला द्यायचं, तेवढ्यात गुरुजींचा फोन आला.

"डॉक्टर म्हणतात, उरलंय ते वर्षभर टिकेल का सांगता येत नाही," ते म्हणाले. "सुनेनं वाचून दाखवलं, चांगलंच वाचलं. पण मला एकदा माझं मी वाचायचंय. ई-बुक लवकर काढता येईल का?"

मालकांनी फोन ठेवला आणि खोलीत येरझाऱ्या घालायला लागले. मी म्हटलं, "मालक, त्यांना नुसती फाईल पाठवू. लेखकच आहेत ते."

"आज गुरुजी. उद्या गुरुजींचा भाचा. परवा जॉगिंग ट्रॅक."

"मग ई-बुक काढू."

"आणि छापील? जिन्यात?"

दोन दिवस ते माझ्याशी धड बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी चेहरा उजळून आले. त्यांना तोड सापडली होती. गुरुजींसाठी म्हणून एकच प्रत काढायची, भल्या मोठ्या अक्षरांत! त्यांनी ती खरंच काढली. एकेका पानावर जेमतेम काही ओळी. पुस्तकाचे चार खंड झाले, चारही कापडी पाठीचे, जाड पुठ्ठ्याचे, सोनेरी अक्षरांत नाव. टकटक करून बघितली आणि मी त्यांच्याकडे काम करायला लागल्यापासून पहिल्यांदाच त्यांचा चेहरा पडला नाही.

ते खंड घेऊन आम्ही दोघं गाडीनं हरसूलला गेलो. गिरणाऱ्याच्या पुढे वाघेरा घाटात वळणावळणाला मालक मागे वळून खंड सरकले नाहीत ना, ते बघत होते.

गुरुजी ओटीवर बसले होते. बारीक अंगाचे, पांढरी टोपी. आमच्या आवाजाच्या दिशेनं त्यांनी आधी तोंड केलं आणि मग नजर शोधत शोधत आणली. मालकांनी पहिला खंड त्यांच्या मांडीवर ठेवला. गुरुजींनी पाठीवरून हात फिरवला, सोनेरी अक्षरं बोटांनी चाचपली. मग उघडून तोंडाजवळ नेलं. बराच वेळ गेला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मला वाटलं, आनंदाचं असेल.

"साहेब," ते शेवटी म्हणाले, "रागावू नका. मी नळीतून बघतो. तुम्ही अक्षर एवढं मोठं केलंत, की माझ्या नळीत एका वेळी एकच मावतंय. 'शा' दिसला, की 'ळा' शोधायला जावं लागतं. तोवर 'शा' हरवतो. आणि पांढरा कागद भगभगतो हो. बघवत नाही."

सुनेनं आतून आपली टॅब आणली. शाळेच्या कामाची होती. तिच्यावर शाळेचंच एक परिपत्रक होतं, काळ्या पडद्यावर पांढरी, बारीक अक्षरं. गुरुजी ते वाचू शकत होते. सावकाश, पण वाचू शकत होते.

मालक ओटीच्या कडेला बसले होते, चार खंडांच्या शेजारी. मला त्यांच्याकडे बघवेना. थोड्या वेळानं ते म्हणाले, "गुरुजी, मी तुम्हाला फाईल पाठवतो. तुम्हाला एकट्याला."

हे वाक्य काढायला त्यांना किती जड गेलं असेल, ते मला माहीत होतं. गुरुजींना माहीत नव्हतं.

"एकट्याला नको," गुरुजी म्हणाले. "माझी पोरं सातपूरला कंपनीत आहेत, दिंडोरीला द्राक्षांच्या बागांत आहेत. तुमचं पुठ्ठ्याचं पुस्तक त्यांना कुठल्या दुकानात मिळणार? फोन सगळ्यांकडे आहे. मला दिसतंय तोवर त्यांनी वाचावं, काय वाटलं ते मला सांगावं. आणि किंमत... चहा-भज्याइतकी ठेवा. तेवढे ती देतील. फुकट नको. फुकटचं ती वाचणार नाहीत."

परतीच्या वाटेवर आम्ही घाट उतरलो. गिरणाऱ्याला आल्यावर मालक म्हणाले, "लावा ई-बुक. छापील येईल तेव्हा येईल." जरा पुढे गेल्यावर म्हणाले, "आणि किंमत त्यांच्या म्हणण्याप्रमाणे." मग गंगापूर रोडच्या गर्दीत गाडी अडकली, तेव्हा माझ्याकडे वळून अगदी लहान आवाजात विचारलं, "आपण बुडणार का हो, बाई?"

ई-बुक लागलं. त्यानंतरचे दिवस मी विसरणार नाही. मालक दर तासाला माझ्या टेबलापाशी यायचे. "पळालं का?" म्हणजे पुस्तक व्हॉट्सॲपवर पळालं का. मी नाही म्हणायचे. त्यांचा विश्वास बसायचा नाही. जॉगिंग ट्रॅक त्यांनी सोडून दिला. जेवणाचा डबा परत जायला लागला आणि वहिनींनी मला फोन करून विचारलं, "ऑफिसात काय झालंय? हे झोपेत 'जिना, जिना' म्हणतात." तिकडे सातपूरच्या छापखान्यात छपाई सुरू झाली होती. मीही दिवसातून दहादा फोनवरचे ग्रुप उघडून बघायला लागले होते. काळजी ही डोळे येण्यासारखी असते, समोरासमोर बसलं की लागते.

आणि मग एका सकाळी गुरुजींचा फोन आला. मी घेतला.

"बाई, तुम्ही मंजूला मारलंत हो."

"कोणाला?"

"ओहोळात वाहून गेली ती मंजी. मंजू नाही. मंजू आहे, इथंच आहे, अंगणवाडीत आहे! दोघी होत्या त्या. मी काल रात्रीपासून परत परत वाचतोय. मला वाटलं, माझे डोळेच चुकतायत. मंजी कुठंच नाही हो. पुस्तकात कुठंच नाही."

मी फोन स्पीकरवर टाकला. मालक दारात उभे होते.

"मी केलं ते," ते म्हणाले. "बाईंचा दोष नाही. मी केलं."

कुठं मंजी, कुठं मंजू असं टाइप झालेलं होतं. त्या अक्षरात वेलांटी आणि उकार कोण ओळखणार! शेवटच्या वाचनात मालकांना वाटलं, एकाच मुलीचं नाव दोन तऱ्हांनी पडलंय. त्यांनी सगळीकडे मंजू केलं. 'मंजी-मंजू आल्या' असं जिथं होतं, तिथं एक नाव द्विरुक्ती म्हणून काढलं. आणि एवढ्याशा पोरीला आदरार्थी कशाला, म्हणून 'आल्या'चं 'आली' केलं. ओहोळाच्या प्रसंगानंतरही वर्गात मंजू येत राहते, आपल्या जागेवर बसते, पाटी पुसत नाही. ते त्यांना खटकलं नव्हतं. उलट, त्यांना ते पुस्तकातलं सगळ्यात सुंदर पान वाटलं होतं. "मला वाटलं, गुरुजींना ती दिसत राहते," ते मला म्हणाले. "मी रडलो होतो हो ते वाचून."

छापखान्यात फोन कुणी उचलेना. आम्ही रिक्षा केली. सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ते खणलेले, त्र्यंबक नाक्यावरच गाड्या तुंबलेल्या. मालक रिक्षातून उतरले आणि चालायला लागले. मी मागून पळत होते. पुढे दुसरी रिक्षा मिळाली. छापखान्यात पोचलो तर मशीन धडधडत होतं. एका मोठ्या तावावर सोळा पानं छापून घडी घालतात, त्याला फर्मा म्हणतात. मंजूचा फर्मा छापून, घडी होऊन, भिंतीशी रचून ठेवलेला होता.

छापखानेवाला आमच्या जुन्या ओळखीचा. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मालक, घाबरता काय एवढं? शेवटी एक शुद्धिपत्र चिकटवू. 'अमुक पानावर अमुक वाचावे.' सगळे करतात."

"जिवंत माणूस मेलं, याचं शुद्धिपत्र निघतं का?" मालक म्हणाले. आवाज चढला नव्हता. "मशीन थांबवा. हा फर्मा रद्दीत घाला."

"कागद गेला मग."

"जाऊ दे."

कागदासाठी जीव टाकणाऱ्या माणसाच्या तोंडून हे ऐकून छापखानेवाल्यानं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

ई-बुक मी त्याच दुपारी तात्पुरतं मागे घेतलं. ते एवढ्या चटकन होतं, हे मालकांना ठाऊकच नव्हतं. "झालं? एवढ्यात?" त्यांनी दोनदा विचारलं. "आणि दुरुस्त करून परत लावता येतं? ज्यांनी घेतलंय, त्यांच्याकडेही बदलून जातं?" मी हो म्हटलं. ते खुर्चीत बसले आणि कितीतरी वेळ त्या इंटरनेटवाल्या कॉम्प्युटरकडे बघत राहिले.

पुढचं सगळं थोडक्यात सांगते. छापील पुस्तक उशिरा आलं. चाललं, पण फार नाही. ई-बुक बरंच गेलं. आणि पुस्तक पळालंही, मालक म्हणायचे तसंच. कुठल्याशा ग्रुपवर सापडलं. मी भीत भीत त्यांना सांगितलं, तर त्यांनी एकच विचारलं, "कुठलं? चुकीचं की दुरुस्त?" दुरुस्त आहे म्हटल्यावर त्यांनी सुस्कारा सोडला. त्यानंतर त्यांनी नियमच उलटा केला. ई-बुक आधी यायचं, स्वस्तात. "आधी वाचणारा आपल्या चुका काढतो. त्याच्याकडून पुरे पैसे कसे घ्यायचे?" मग काही आठवड्यांनी पुठ्ठ्याचं पुस्तक यायचं, आणि त्या दिवसापासून ई-बुकची किंमत वाढवून त्याच्याइतकी. धंद्यातले लोक हसायचे. जग जे करतं त्याच्या बरोबर उलटं तुम्ही करता, म्हणायचे. काळजी काही कमी झाली नाही. फक्त ती आता दोनदा व्हायची.

गुरुजींनी आपलं पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचायला डोळे राहिले नाहीत. मालकांनीही पुढे काम बंद केलं आणि ते मुलीकडे राहायला गेले. पण मला ते आठवतात, ते मशीन थांबवल्यानंतरच्या दुसऱ्या दिवशी हरसूलला बसलेले.

दुरुस्त करायचं तर कशावरून करायचं, हा प्रश्न होता. हस्तलिखितात वेलांटी-उकार ओळखता येत नव्हते, मुद्रितं मालकांनीच रद्दीत दिलेली. म्हणून त्या प्रकरणाची पानं घेऊन आम्ही परत गुरुजींच्या ओटीवर. या वेळी मंजू आली होती. चाळिशीची, ठसठशीत बाई, अंगणवाडीच्या साडीवर. मालक तिला बघून उठून उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले.

"माझ्याकडून फार मोठी चूक झाली," ते म्हणाले.

मंजू संकोचली. मग हसली. "बसा ना साहेब. मी हाय ना इथं. दिंडोरीवरून आमच्या ह्यांना फोन आला, वर्गातल्याच एकाचा. रडत व्हता. मंजू गेली, कळवलं बी नाय म्हणं. हे म्हणले, ती भाकरी थापतीय, देऊ का फोन?"

गुरुजीही हसले. मालकांना हसता येईना.

"माझं काय नाय, साहेब," मंजू मग हळू आवाजात म्हणाली. "पण तिचं लय वाईट वाटलं. तिचा फोटू नाय. तिची आई गेली, बाप गेला. कागदावर असं कुठंच नाय ती. गुरुजींच्या पुस्तकात व्हती, तेवढीच."

मालकांनी खिशातून पेन काढलं. मला म्हणाले, "बाई, वाचा. नाव आलं की थांबा."

मी वाचायला लागले. 'मंजू पहिल्या दिवशी शाळेत आली, ती आईच्या पदराला धरून.' थांबले.

"ती," मंजू म्हणाली. गुरुजींनी मान हलवली. मालकांनी उकार खोडून वेलांटी घातली.

'मंजूनं येताना बोरं आणली.'

"मी."

'मंजू पाटी घेऊन पुढं आली.'

"दोघी. एकच पाटी व्हती आमच्यात."

मालकांनी नाव घातलं आणि 'आली'चं 'आल्या' केलं.

"गुरुजींनी आमाला दोघींना एकाच दिवशी 'मं' शिकवला," मंजू म्हणाली. "पाटीच्या या बाजूला तिचा, त्या बाजूला माझा. पुढचं अक्षर उद्या, म्हणले. मग पाऊस लागला."

मी पुढे वाचत गेले. नाव आलं की मंजू क्षणभर आठवायची आणि सांगायची. मी. ती. ती. दोघी. ती. मध्येच गुरुजी म्हणायचे, "नाही गं, ते तूच केलंस," आणि ती म्हणायची, "हां, मीच." मालकांचं पेन चालत होतं. ओटीखाली कोंबड्या फिरत होत्या.

ओहोळाचं पान आलं. मी ते पान पुरं वाचलं. नाव एकदाच होतं.

"ती," मंजू म्हणाली.

मालकांनी पेन टेकवलं. मग चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि वेलांटी घातली, अगदी सावकाश.

मी पान उलटलं. 'शाळा भरली. मंजू आली आणि आपल्या जागेवर बसली.' थांबले.

"मी," मंजू म्हणाली.

'मंजूनं पाटी पुसली नाही.'

"मी."

'मंजूच्या शेजारी कुणाला बसवलं, की ती उठून जायची.'

"मी."

पुढे बरीच पानं होती. मालकांना आता दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. तरी त्यांनी पेन खाली ठेवलं नाही. मी दर वेळी थांबत होते आणि मंजू दर वेळी सांगत होती.